घरच्या कॅमेऱ्यांसाठी छोटा संगणक

सिनेमे-गाणी टीव्हीवर पुरवणारा आणि कॅमेऱ्यांचे चित्रण नोंदवणारा संगणक चोवीस तास चालू असतो, म्हणून वेगाआधी त्याची विजेची भूक पाहावी लागते. सतत ६० वॅट ओढणारा जुना डेस्कटॉप वर्षाला सुमारे ५२५ युनिट खातो. १० वॅटचा मिनी पीसी ८८ युनिटांत भागवतो.

या कामाला २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन१०० प्रोसेसर सोयीचा पडतो. तो ६ वॅटच्या वर्गातला आहे, पण त्याचे खरे बळ व्हिडिओ उलगडणाऱ्या स्वतंत्र सर्किटमध्ये आहे. एच.२६४ आणि एच.२६५ हे दोन्ही प्रकार ते परस्पर हाताळते. रास्पबेरी पाय ५ मध्ये एच.२६४ साठी अशी सोय नाही, आणि बरेच कॅमेरे नेमका तोच प्रकार पाठवतात.

जागेचा हिशेब मात्र आधीच कागदावर मांडलेला बरा. सेकंदाला ४ मेगाबिट पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा घेतो. असे चार असले, की २ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुने चित्रण पुसले जाऊ लागते. कॅमेऱ्यांसाठीच्या खास साडेतीन इंची डिस्क बहुतेक मिनी पीसींत मावत नाहीत. त्या बाहेरून जोडाव्या लागतात.

रॅम ८ जीबी पुरते. वीज गेल्यावर परत आली की यंत्र आपोआप सुरू व्हावे, ही बायोसमधली सेटिंग बहुधा बंदच असते. ती चालू करावी. वायफायपेक्षा लॅनची केबल भरवशाची.