विश्लेषण : ख्रिस्ती धर्मात दफनभूमीला इतके महत्त्व का? ‘सार्वकालिक जीवना’ची श्रद्धा काय सांगते?

गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या बस्तर विभागात ख्रिस्ती व्यक्तींच्या दफनावरून वाद होत आहेत. त्यातील एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि दोन न्यायमूर्तींचे त्यावर एकमत झाले नाही. वरवर पाहता हा प्रश्न काही फूट जमिनीचा आहे. पण त्याच्या मुळाशी बायबलचे वचन खरे मानणारी आणि मृत्यूनंतरच्या जीवनाची वाट पाहणारी श्रद्धा आहे. समोर, पूर्वजांच्या जमिनीशी नाते सांगणारी आदिवासी परंपराही तितकीच जुनी आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात हे सारे समजून घेऊ.

बस्तरमधील प्रकरण काय होते?

बस्तर जिल्ह्यातील छिंदवाडा या गावात ७ जानेवारी २०२५ रोजी एका वृद्ध ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा मृत्यू झाला. आजोबा आणि इतर नातलग ज्या गावठाणातील जागेत पुरले आहेत, तिथेच वडिलांचे दफन करावे, किंवा ते शक्य नसल्यास स्वतःच्या शेतात तरी करू द्यावे, अशी मुलाची मागणी होती. गावातून विरोध झाला. ख्रिस्ती समाजासाठी गावात वेगळी दफनभूमी नाही आणि इथे दफन झाल्यास शांतता बिघडू शकते, अशी भूमिका प्रशासनाने घेतली. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. तोवर मृतदेह जगदलपूरच्या शवागारातच होता. निकाल २७ जानेवारीला लागला, म्हणजे मृत्यूनंतर तब्बल वीस दिवसांनी.

न्यायमूर्तींमध्ये मतभेद कशावर झाला?

न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात दफनाला परवानगी देण्याच्या बाजूने मत दिले. विरोधापुढे प्रशासनाने झुकणे हे समानतेच्या आणि धर्माच्या आधारे भेदभाव न करण्याच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. राज्यभर ख्रिस्ती समाजासाठी दफनाच्या जागा दोन महिन्यांत निश्चित कराव्यात, असेही त्यांनी सुचवले. न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या मते अंत्यविधीचा हक्क असला तरी त्याची जागा निवडण्याचा हक्क अनिर्बंध नाही. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर मर्यादा येऊ शकतात आणि नेमून दिलेल्या जागीच दफन व्हायला हवे.

मतभेद झाल्यावर प्रकरण मोठ्या पीठाकडे जाते. तसे केले असते तर मृतदेह आणखी काही काळ शवागारात राहिला असता. म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ मधील अधिकार वापरून सुमारे २० ते २५ किलोमीटरवरील करकापाल येथील ख्रिस्ती दफनभूमीत, पोलीस बंदोबस्तात दफन करण्याचा आदेश दिला गेला. त्या कुटुंबापुरता प्रश्न सुटला. मूळ कायदेशीर प्रश्नावर मात्र दोन मते कायम राहिली.

‘सार्वकालिक जीवन’ म्हणजे नेमके काय?

मराठी बायबलमध्ये आणि चर्चमधील प्रार्थनांत ‘सार्वकालिक जीवन’ हा शब्द वारंवार येतो. याचा अर्थ ‘मेल्यावर स्वर्गात जाणे’ इतकाच घेतला जातो, पण ख्रिस्ती शिकवण त्याहून व्यापक आहे. योहानाच्या शुभवर्तमानात हे जीवन देवाला आणि ख्रिस्ताला ओळखण्याशी जोडले आहे. म्हणजे ते मृत्यूनंतर सुरू होत नाही, श्रद्धा ठेवल्यापासूनच सुरू होते आणि मृत्यूने तुटत नाही.

दुसरा महत्त्वाचा शब्द ‘पुनरुत्थान’. ख्रिस्त वधस्तंभावर मरण पावला, त्याला पुरले आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, ही ख्रिस्ती श्रद्धेची मध्यवर्ती घटना आहे. त्याप्रमाणे एक दिवस सर्व मृत उठतील, असे नायसीन मतांगिकारात प्रत्येक रविवारी म्हटले जाते. या मतांगिकाराचा पाया इसवी सन ३२५ च्या नायसीया धर्मसभेत घातला गेला, आणि आजचे रूप ३८१ च्या सभेशी जोडले जाते. पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात बियाण्याचा दृष्टान्त येतो. जमिनीत पडलेले बी आणि त्यातून उगवणारे रोप वेगवेगळे दिसते, तरी ते त्याच बियाचे असते. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या झाडीपट्टीतल्या माणसाला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही.

इथेच मोक्षकल्पनेपासूनचा फरक दिसतो. मोक्षात जन्ममरणाच्या फेऱ्यातून आणि देहातून सुटका आहे. पुनरुत्थानाच्या श्रद्धेत देह टाकून द्यायचा नसतो, तो नवा होणार असतो. म्हणूनच ‘मोक्ष’ऐवजी ‘तारण’ हा शब्द मराठी ख्रिस्ती बोलीत रुळला. मृत्यूच्या बातमीतही ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ असे म्हणतात. इंग्रजीतील ‘सेमेटरी’ या शब्दाचे ग्रीक मूळही ‘झोपण्याची जागा’ असेच आहे.

मग दफन सक्तीचे आहे का?

नाही. देह जाळला तर पुनरुत्थान होणार नाही, असे कोणताही प्रमुख पंथ शिकवत नाही. रोमन कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला मुभा दिली. २०१६ मध्ये व्हॅटिकनने त्याविषयी पुन्हा सूचना काढल्या. त्यांत दफनाला प्राधान्य कायम ठेवले आणि रक्षा उधळू नये, ती पवित्र जागी ठेवावी असे सांगितले. प्रोटेस्टंट पंथांत याबाबत बंधन आणखी कमी आहे. मुंबई-वसईत तर जागेअभावी ठरावीक काळानंतर तीच कबर पुन्हा वापरली जाते.

म्हणजे दफन ही धर्मशास्त्रीय अट नाही, ती श्रद्धेची खूण आहे. ख्रिस्ताला जसे पुरले तसेच आपल्यालाही पुरावे, आपल्या माणसांच्या शेजारी ठेवावे आणि सर्वांनी एकत्र उठावे, ही त्यामागची भावना आहे. त्यामुळे ‘इथे नाही, पंचवीस किलोमीटरवर पुरा’ हा आदेश एखाद्या कुटुंबाला केवळ प्रवासाची गैरसोय वाटत नाही. गावाने आपल्या माणसाला शेवटी नाकारले, असे त्यांना वाटते.

शास्त्रवचन सत्य आहे, याचा अर्थ काय?

सार्वकालिक जीवनाच्या आशेला आधार बायबलचा आहे. त्यामुळे बायबल कोणत्या अर्थाने खरे, हा प्रश्न ओघाने येतो. याची उत्तरे ख्रिस्ती जगात एकसारखी नाहीत. प्रोटेस्टंट परंपरेत श्रद्धेच्या बाबतीत अंतिम प्रमाण बायबलच. त्यांच्या बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत. कॅथलिक चर्च ७३ पुस्तके मानते आणि बायबलसोबत चर्चच्या परंपरेलाही प्रमाण मानते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये मांडले की, आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहून ठेवायचे होते ते बायबल अचूकपणे शिकवते. याउलट इव्हँजेलिकल विद्वानांनी १९७८ मध्ये शिकागो येथे काढलेल्या निवेदनात इतिहास आणि सृष्टीविषयीच्या विधानांतही बायबल निर्दोष असल्याची भूमिका घेतली.

मराठी माणसाच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे कवी नारायण वामन टिळक. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. तो वाचताना डोंगरावरील प्रवचनाने त्यांना पकडून ठेवले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त या काळाची कुटुंबाने मोजलेली किंमतही प्रांजळपणे लिहिली आहे. पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे दिली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. वचन खरे असेल तर ते ऐकणाऱ्याच्या भाषेत पोहोचलेच पाहिजे, ही त्यामागची निष्ठा होती.

सिरोंच्याच्या जीवाश्मांचा याच्याशी काय संबंध?

सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा हे गाव आहे. तिथल्या खडकांत ज्युरासिक काळातील माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच सापडले. या खडकस्तराला भूशास्त्रात ‘कोटा फॉर्मेशन’ म्हणतात. जवळच वडधम येथे आज जीवाश्म उद्यान आहे. मध्य भारतातील जीवाश्मांकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप यांचे नाव वरचे आहे. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. १८४५ मध्ये ते नागपूरला आले. आज नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

बायबल घेऊन आलेला माणूस कोट्यवधी वर्षांपूर्वीचे अवशेष गोळा करत होता, यात त्या काळच्या अनेक ख्रिस्ती अभ्यासकांना विसंगती वाटत नव्हती. त्याच फ्री चर्चमधील भूशास्त्रज्ञ ह्यू मिलर यांनी उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा ‘दिवस’ म्हणजे सहा दीर्घ कालखंड, असा अर्थ लावला होता. शब्दशः अर्थ आणि सत्य या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, ही चर्चा ख्रिस्ती धर्मात इतकी जुनी आहे. हिस्लॉप यांनी गोंड समाजाची गीते, शब्द आणि चालीरीतीही टिपून ठेवल्या. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट परिसरातील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. गोंडांच्या मौखिक परंपरेचा तो एक आरंभीचा लिखित दस्तऐवज ठरला.

या दोन जिल्ह्यांत ख्रिस्ती समाज किती आणि कोणता?

संख्या थोडी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात १० लाख ८० हजार ख्रिस्ती, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी. त्यांतील मोठा भाग मुंबई, ठाणे-वसई, पुणे, अहिल्यानगर या पट्ट्यात आहे. चांद्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश एपिस्कोपल मिशनने काम सुरू केले. तेथील मिशनरी अलेक्स वूड यांचे १९०६ मधील चांद्याविषयीचे पुस्तक त्या काळचे चित्र देते. उत्तर भारतातील अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले तेही नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. केरळच्या सायरो-मलबार कॅथलिक चर्चने १९६२ मध्ये केरळबाहेरील आपले पहिले मिशन क्षेत्र म्हणून चांदा निवडले. १९७७ पासून तो स्वतंत्र धर्मप्रांत आहे. यांशिवाय घराघरांत प्रार्थनासभा घेणारे छोटे पेंटेकोस्टल गट आहेत. जुन्या चर्चकडे बहुधा स्वतःची दफनभूमी असते. अडचण येते ती नव्या आणि विखुरलेल्या कुटुंबांची. गावात त्यांची दोन-चार घरे असतात आणि मृत्यू झाल्यावर पहिला प्रश्न जागेचाच पडतो.

आदिवासी समाजाची भूमिका काय?

हा वाद ‘पुरणारे विरुद्ध जाळणारे’ असा नाही. गोंड आणि माडिया समाजातही दफनाची जुनी परंपरा आहे. मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ शिळा उभारण्याची प्रथा भामरागड-एटापल्लीच्या जंगलात आजही दिसते. मृत व्यक्ती पूर्वजांत मिसळते, गावाशी तिचे नाते संपत नाही, असे मानतात. पेन, गाव आणि पूर्वज यांच्या संबंधांतून ती जमीन पवित्र होते. वेगळ्या विधीने पुरलेली व्यक्ती त्या नात्यात कशी बसवायची, हा गावापुढचा खरा पेच असतो. धर्मांतरानंतर देवाची वर्गणी, सण, सामूहिक विधी यांतून काही कुटुंबे बाजूला होतात तेव्हा मनात साचलेला दुरावा मृत्यूच्या वेळी बाहेर येतो. दुसरीकडे, ज्याने जन्मभर त्याच गावात शेती केली, त्याला मेल्यावर परका ठरवणे कितपत न्याय्य, हा प्रश्नही उरतो.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेचा अनुच्छेद २५ धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देतो, मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. अनुच्छेद २१ मधील सन्मानाचा हक्क मृतदेहालाही लागू होतो, असे न्यायालयांनी मानले आहे. एटापल्ली, भामरागड, धानोरा यांसारखे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा ‘पेसा’ कायदा ग्रामसभेला परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक संसाधने जपण्याचा अधिकार देतो. परंतु ग्रामसभेचा अधिकार राज्यघटनेच्या चौकटीतलाच आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. त्यामुळे ख्रिस्ती झालेली माडिया व्यक्ती कायद्याने आदिवासीच राहते. हा दर्जा काढून घ्यावा, अशी मागणी काही संघटना करतात.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार दहन आणि दफनभूमीची व्यवस्था ग्रामपंचायतीच्या कामांत मोडते. म्हणजे उपाय स्थानिक पातळीवरच उपलब्ध आहे. मृत्यू होण्याआधी, शांतपणे, ग्रामसभेत सर्व समाजांना बसवून जागा ठरवता येते आणि तिची नोंद करता येते. घरात मृतदेह असताना आणि दारात जमाव असताना हे ठरवायला गेले की प्रश्न पोलिसांचा होतो, मग न्यायालयाचा. बस्तरच्या प्रकरणात वीस दिवस गेले. ज्या श्रद्धेत मृत्यूला झोप म्हणतात, तिथे ही झोप शवागारात गेली. गडचिरोलीच्या गावांनी यातून घ्यायचा धडा साधा आहे. सार्वकालिक जीवनाविषयी गावात एकमत होणार नाही आणि तशी गरजही नाही. पण शेवटच्या जागेविषयी आधीच बोलून ठेवता येते.