शहराचं अंदाजपत्रक लोक ठरवतात तेव्हा: पोर्तो आलेग्रे, पुणे आणि आपली गावकरी

गोव्याच्या इतिहासाची आवड असलेली चार माणसं एकत्र बसली की गावकरीचा विषय निघतोच. अलीकडे त्याला एक नवं वाक्य जोडलेलं ऐकू येतं: "ब्राझीलवाल्यांनी काल केलं ते आमच्या गावकारांनी पाचशे वर्षांपूर्वी केलेलं आहे." ऐकायला छान वाटतं. यातलं अर्धं खरं आहे, पण उरलेलं अर्धं तपासल्याशिवाय आपण ते मिरवू नये, असं मला वाटतं. त्यासाठी आधी ब्राझीलमध्ये नेमकं काय झालं ते नीट समजून घेऊ.

मी शिक्षणाने स्थापत्य अभियंता. पाणी, गटारं, रस्ते यांची अंदाजपत्रकं करण्यात नोकरीची बरीच वर्षं गेली. इतिहासाकडे वळलो तो जुन्या बांधांच्या नादाने, आणि तो शिकलो तो कागद वाचत वाचत. त्यामुळे या विषयाकडे मी हिशेबाच्या बाजूने बघतो: पैसा किती, वाटपाचा नियम कोणता, काम झालं की नाही हे कोण बघतो.

पोर्तो आलेग्रेत काय घडलं

पोर्तो आलेग्रे ही ब्राझीलच्या दक्षिण टोकाच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्याची राजधानी. शहराची वस्ती तेव्हा बारा-तेरा लाख. ब्राझीलमध्ये १९६४ पासून १९८५ पर्यंत लष्करी राजवट होती. ती संपली तेव्हा शहरांच्या कडेला झोपड्यांच्या मोठमोठ्या वस्त्या उभ्या राहिलेल्या होत्या. नळ नाही, गटार नाही, रस्ता म्हणजे चिखल. पोर्तो आलेग्रेतल्या वस्त्यांच्या संघटनांनी १९८६ मध्येच मागणी केली होती की नगरपालिकेचा पैसा कुठे जातो हे ठरवण्यात आम्हाला जागा द्या. १९८८ च्या निवडणुकीत कामगार पक्ष जिंकला, ओलिव्हियो दुत्रा महापौर झाले आणि १९८९ पासून या मागणीला रूप येऊ लागलं. त्याचं नाव 'ओर्सामेंतु पार्तिसिपातीवु'. जुने पोर्तुगीज कागद चाळणाऱ्या गोंयकाराला पहिला शब्द ओळखीचा वाटेल. ओर्सामेंतु म्हणजे अंदाजपत्रक. सगळ्याचा अर्थ सहभागी अंदाजपत्रक.

सुरुवात चांगली झाली नाही. लोकांनी मागण्यांचा डोंगर उभा केला, पण तिजोरीत काही नव्हतं. आधीच्या कारभारातला महसूल जवळजवळ सगळा पगारातच जात होता. पहिल्या वर्षी कबूल केलेली बहुतेक कामं झाली नाहीत, आणि लोक म्हणू लागले की हीही नेहमीचीच थाप. मग पालिकेने घरपट्टीची रचना बदलली. ज्याची मालमत्ता मोठी त्याला दर जास्त. पैसा आल्यावर कामं दिसू लागली आणि सभांची गर्दी वाढत गेली. पहिल्या फेऱ्यांत हजाराच्या आतबाहेर असलेली हजेरी दहा वर्षांत पंधरा हजारांच्या वर गेली. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी पैसा, मग काम, आणि काम दिसल्यावर माणसं. नुसत्या जागृतीच्या भाषणांनी सभा भरत नसतात.

वर्षाचं चक्र

शहराचे १६ विभाग केले होते. १९९४ पासून वाहतूक, आरोग्य, शिक्षण अशा विषयांच्या वेगळ्या सभाही सुरू झाल्या. साधारण मार्च-एप्रिलमध्ये विभागाची पहिली सभा. तिला महापौर आणि अधिकारी हजर. तिथे पहिलं काम नवीन मागण्या ऐकणं हे नव्हतंच. गेल्या वर्षी काय कबूल केलं होतं, त्यातलं किती झालं, काय राहिलं आणि का राहिलं, याचा हिशेब लोकांपुढे द्यायचा. त्यानंतर वस्तीवस्तीत छोट्या बैठका होत, त्यातून प्रतिनिधी निवडले जात आणि विभाग आपला अग्रक्रम ठरवी: आधी गटार, मग रस्ता, मग घरं, असा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक विभाग आणि प्रत्येक विषय दोन-दोन सदस्य निवडून एका मंडळावर पाठवी. हे मंडळ पालिकेच्या खात्यांशी बसून आकडे जुळवी आणि अंदाजपत्रक नगरसभेकडे मंजुरीला जाई. शेवटी कोणत्या विभागात कोणतं काम होणार याची छापील पुस्तिका निघे. ती पुस्तिका हातात घेऊन पुढच्या मार्चमध्ये लोक सभेला येत. "पान अमुक, काम तमुक, कुठे आहे?" असा प्रश्न विचारता येत असे.

वाटपाचा नियम

आता माझ्या आवडीचा भाग. १६ विभाग, सगळ्यांना रस्ते हवेत, पैसा मर्यादित. कुणाला किती? हे ज्याचा आवाज मोठा त्याच्यावर सोडलं नाही. तीन गोष्टींना गुण होते: त्या सोयीची तिथे किती कमतरता आहे, विभागाने तिला कितवा क्रम दिला आहे आणि लोकसंख्या किती. कमतरता आणि अग्रक्रम यांचं वजन जास्त, लोकसंख्येचं कमी.

समजुतीसाठी माझ्या मनाचे आकडे घेऊन एक उदाहरण करू. प्रत्येक गोष्टीला १ ते ४ गुण; कमतरता आणि अग्रक्रमाचे गुण ४ ने गुणायचे, लोकसंख्येचे २ ने. 'अ' हा कडेचा गरीब, छोटा विभाग. रस्ते जवळजवळ नाहीतच, म्हणून कमतरतेचे ४ गुण, म्हणजे १६. त्याने रस्त्याला पहिला क्रम दिला, तेही १६. लोकसंख्या थोडी, १ गुण, म्हणजे २. एकूण ३४. 'ब' हा मोठा, सुखवस्तू विभाग. कमतरता १ गुण, म्हणजे ४. रस्त्याला त्याने तिसरा क्रम दिला, २ गुण, म्हणजे ८. लोकसंख्या भरपूर, ४ गुण, म्हणजे ८. एकूण २०. सगळ्या विभागांचे मिळून ३४० गुण झाले आणि वर्षात २० किलोमीटर रस्ते करायचे असतील, तर 'अ'ला २ किलोमीटर आणि 'ब'ला सव्वा किलोमीटरही नाही. 'ब'मध्ये मतदार जास्त, वजनदार माणसं जास्त, तरीही. कोणती गल्ली आधी, हे मग विभागातल्या लोकांनी आपापसात भांडून ठरवायचं.

हा नियम सभेच्या आधी जाहीर असे आणि दरवर्षी सभासदच त्यात दुरुस्ती करू शकत. मला पोर्तो आलेग्रेचं खरं यश इथे दिसतं. लोकांना बोलावणं सोपं आहे. बोलावल्यावर गरिबाचं म्हणणं श्रीमंताच्या म्हणण्याखाली दबणार नाही अशी गणिती तजवीज करणं अवघड. अभ्यासकांनी सभांना येणाऱ्यांची पाहणी केली तेव्हा कमी उत्पन्नाची माणसं मोठ्या संख्येने दिसली आणि बायका निम्म्याच्या आसपास होत्या. जागतिक बँकेने दिलेल्या आकड्यांनुसार १९८८ मध्ये ७५ टक्के घरांना पाणी-गटाराची जोडणी होती, ती १९९७ पर्यंत ९८ टक्क्यांवर गेली. १९९६ मध्ये इस्तंबूलच्या संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक परिषदेत या पद्धतीची वाखाणणी झाली आणि ती जगभर पसरली.

पण एक पाया कच्चा राहिला. ही सगळी व्यवस्था कायद्याने बांधलेली नव्हती, महापौराच्या इच्छेवर चालत होती. २००४ च्या निवडणुकीत कामगार पक्ष हरला. नव्या कारभाराने सभा बंद केल्या नाहीत, पण कबूल केलेली कामं मागे पडू लागली. सभा होत राहिल्या, त्यांतला जीव गेला. २०१७ मध्ये तर ही पद्धत स्थगितच केली.

पुण्यातला प्रयोग

मराठी मुलुखात हा विचार आला तो पुण्यात, २००६ साली. पुणे महानगरपालिकेने नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली आणि हा उपक्रम वर्षानुवर्षं चालला, ही लहान गोष्ट नाही. नागरिकाने अर्ज भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा; पदपथ, दिवे, बाक, बसथांबा, स्वच्छतागृह अशी स्थानिक कामं सुचवायची; एका कामाला साधारण ५ लाखांची मर्यादा. प्रशासन छाननी करतं, प्रभाग समितीपुढे यादी जाते आणि मंजूर झालेली कामं अंदाजपत्रकात येतात.

वरच्या चक्राशी ताडून बघा. इथे अर्ज आहे, सभा नाही. त्यामुळे "माझ्या गल्लीपेक्षा तुमच्या वस्तीची गरज मोठी, आधी तुमचं होऊ दे" असं म्हणायची वेळच येत नाही. विभागांत वाटणी करताना कमतरतेला गुण देण्याचा नियम नाही. म्हणून ज्याला अर्ज भरता येतो, ज्याच्या सोसायटीत निवृत्त माणसं पाठपुरावा करायला मोकळी आहेत, त्याचं काम पुढे सरकायची शक्यता जास्त. एकूण अंदाजपत्रकात या कामांचा हिस्साही अगदी लहान. मी पुण्याला नावं ठेवत नाही. आपल्याकडे बहुतेक शहरांनी एवढंही केलेलं नाही. पण नागरिकांनी सुचवणं वेगळं आणि नागरिकांनी ठरवणं वेगळं, हे मात्र म्हटलं पाहिजे.

आणि गावकरी?

आता पहिल्या वाक्याकडे येऊ. आफोंसो मेशियाने १५२६ मध्ये गावकरीचे रिवाज लिहून काढले, तोच 'फोराल'. म्हणजे पद्धत त्याच्याही आधीची. गावची जमीन सामाईक. शेतं पावणीला, म्हणजे लिलावाला काढायची. आलेल्या उत्पन्नातून आधी सरकारचा वसूल, मग बांध, मानशी, देवस्थान आणि गावच्या सेवेकऱ्यांचा खर्च, आणि उरेल तो पैसा गावकारांत वाटायचा, तो झोण. तूट आली तर तीही गावकारांनीच भरायची. ठराव गावकारांच्या सभेत, लिहायला कुलकर्णी, जो पोर्तुगीज कागदांत 'इश्क्रिव्हांव' होतो.

लोकांनी पैशाचा निर्णय करायचा, लिहून ठेवायचा आणि हिशेब द्यायचा, हे तिन्ही इथे आहे. शिवाय पोर्तो आलेग्रेला जे नव्हतं ते कायद्याचं बळही आहे: फोरालपासून १९०४ आणि १९६१ च्या कोमुनिदाद संहितांपर्यंत. खाजनाच्या बांधाबद्दल तर अभियंता म्हणून मला या माणसांचा आदरच वाटतो. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि दोन-तीन वर्षांचं पीक जातं. ज्यांनी खर्च ठरवला त्यांच्याच शेताला फटका. अशा ठिकाणी देखभालीचा पैसा दुसरीकडे वळवायचा मोह आपोआप कमी होतो.

पण सभेत बसत होतं कोण? गावच्या मूळ वांगडांतले पुरुष. हक्क जन्माने, बापाकडून मुलाकडे. बायका नाहीत. मुंडकार नाहीत. बांधावर चिखल टाकणारे, मानशीवर रात्र काढणारे बहुतेक हात सभेबाहेर. ज्याचं घर त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या होतं, पण जमीन दुसऱ्याची, त्याला त्या खर्चावर बोलायचा अधिकार नव्हता. पोर्तो आलेग्रेत मात्र कालपरवा वस्तीत राहायला आलेली बाईसुद्धा सभेत हात वर करू शकत होती, आणि गुणांची पद्धत तिच्याच बाजूने झुकवलेली होती.

म्हणून "आम्ही आधी केलं" हे वाक्य मी असं दुरुस्त करेन: हिशेबाची शिस्त आमच्याकडे आधी होती, बसायची जागा सगळ्यांना नव्हती. गावकरीचा अभिमान बाळगताना दुसरं अर्धं गाळलं, तर ज्यांचे आजे-पणजे सभेबाहेर उभे होते त्यांना आपण पुन्हा एकदा बाहेर उभं करतो. आणि तीही माणसं या इतिहासाची तितकीच वारस आहेत.

आज याचा उपयोग

आज गोव्यात गावचा खर्च कोमुनिदाद ठरवत नाही, पंचायत ठरवते, आणि रविवारच्या ग्रामसभेत बसायला प्रत्येक मतदाराला जागा आहे. म्हणजे पोर्तो आलेग्रेची उघडी दारं आपल्याकडे कायद्यानेच आहेत. कमी आहे ती गावकरीची वही. ठराव होतात, टाळ्या पडतात, वाद पेटतात. पण गेल्या वर्षीच्या ठरावांपैकी किती कामं झाली, हा विषय पहिल्या क्रमांकावर क्वचितच येतो.

कुणी 'लोकांचं अंदाजपत्रक' असं काही घेऊन आलं, गावात किंवा शहरात, तर तीन प्रश्न विचारावेत. ठरवायला खरोखर किती रक्कम दिली आहे? वाटपाचा नियम आधी जाहीर केला आहे का, आणि तो गरजेला वजन देतो का? गेल्या वर्षीचा हिशेब पहिल्याच सभेत मिळणार का? तिन्हींची उत्तरं मिळाली तर सभेला जाण्यात अर्थ आहे. नाहीतर तो तक्रारपेटीचा नवा प्रकार समजावा.

इतिहासाची आवड असलेल्या आपल्यासारख्यांना यात एक काम करण्यासारखं आहे. जुन्या गावकरीच्या वह्या आपण हौसेने वाचतो, तशीच आपापल्या पंचायतीच्या गेल्या पाच वर्षांच्या ठरावांची वही मागून घ्यावी आणि प्रत्येक ठरावापुढे दोन रकाने आखावेत: मंजूर रक्कम, आणि जागेवर जाऊन पाहिलेलं काम. एका गावाचा असा तक्ता झाला तरी तो याच ठिकाणी छापण्याच्या लायकीचा कागद होईल.