शुक्रवारचा पडदा : २०२३ चे सिनेमे आणि आपले घर

सिनेमा पाहावा की पाहू नये, याबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. काही घरांत टीव्हीसुद्धा नाही, तर काही कुटुंबे ईदच्या दुसऱ्या दिवशी बाळगोपाळांसह थिएटरात असतात. मला दोन्ही मतांचा आदर आहे. पण शिक्षिका म्हणून एक गोष्ट रोज दिसते. ज्या घरात टीव्ही नाही, त्या घरच्या मुलाच्या हातातही मोबाइल आहे, आणि नवा सिनेमा कोणता आला हे त्याला आपल्या आधी कळते. मुले पाहतातच. मग ती काय पाहतात, हे मोठ्यांना माहीत असायला हवे.

मी स्वतः सिनेमाची जुनी शौकीन. सरलेल्या २०२३ मध्ये हिंदी-मराठी मिळून बरेच सिनेमे पाहिले. त्यांचा हिशेब मांडताना एकच प्रश्न हाती धरला आहे : या वर्षी पडद्यावर मुसलमान माणूस कोणकोणत्या रूपात आला?

वर्षाची सुरुवात धूमधडाक्यात झाली. २५ जानेवारीला शाहरुख खानचा ‘पठाण’ आला. त्याआधी महिनाभर एका गाण्यातल्या कपड्यांच्या रंगावरून देशभर गदारोळ चालला होता. आमच्या घरात आक्षेप होता तो रंगाला नव्हता, लांबीला होता! सिनेमा म्हणून ‘पठाण’ म्हणजे निव्वळ हाणामारी आणि उड्या. पण त्यात एक नाजूक जागा आहे. नायक अनाथ आहे, त्याचा धर्म कोणता हे त्यालाच ठाऊक नाही. एका अफगाण गावाने त्याला आपला मानले, म्हणून तो पठाण. आणि देशावर उलटलेला खलनायक आहे आपल्याच गुप्तहेर खात्यातला माजी अधिकारी. नावावरून माणसाची निष्ठा ठरवू नये, ही गोष्ट इतक्या मोठ्या पडद्यावर फार दिवसांनी ऐकली. सिनेमा पाहून आलेला नववीचा एक मुलगा मला म्हणाला, “टीचर, हिरो अपनेवाला है.” त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता. पण देशावर प्रेम आहे हे दाखवायला ‘अपनेवाल्या’ने प्रत्येक वेळी विमानातून उडीच मारायला हवी का, हा प्रश्न मनात राहिलाच.

२४ मार्चला अनुभव सिन्हांचा ‘भीड’ आला. त्याच दिवशी आपला पहिला रोजा होता, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांचा तो राहून गेला असणार. लॉकडाऊनमध्ये पायी आणि बसने गावाकडे निघालेल्या मजुरांची ही कृष्णधवल कहाणी आहे. नाक्यावर अडकलेल्या बसमध्ये लेकरे भुकेली आहेत. मुसलमान प्रवासी जेवणाची पाकिटे देऊ करतात आणि पंकज कपूर यांनी रंगवलेला चौकीदार ती नाकारतो, कारण मोबाइलवर त्याने काहीबाही ऐकलेले असते. भूक मोठी की अफवा मोठी? २०२० चे ते दिवस आपल्यापैकी कोण विसरले असेल! माझ्या मते हा वर्षातला सर्वांत गरजेचा सिनेमा होता. थिएटरात तो फार टिकला नाही.

ईदच्या आदल्या दिवशी सलमान खानचा ‘किसी का भाई किसी की जान’ आला. त्याबद्दल एवढेच म्हणते, की शीरखुर्मा त्याहून चांगला झाला होता.

मग ५ मेचा शुक्रवार आला. त्या एकाच दिवशी दोन सिनेमे लागले, आणि सबंध वर्षाचे चित्र मला त्या एका दिवसात दिसते. पहिला ‘द केरला स्टोरी’. केरळच्या ३२ हजार मुलींचे धर्मांतर करून त्यांना दहशतवादी संघटनेत नेले, असा दावा त्याच्या जाहिरातीत होता. आकड्यावर आक्षेप आल्यावर ३२ हजारांच्या तीन मुली झाल्या. १८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांना सांगितले, की या आकड्याला अधिकृत आधार नाही आणि कथा काल्पनिक रूपात मांडली आहे, असे निवेदन पडद्यावर दाखवा. तोवर लाखो लोक सिनेमा पाहून घरी गेले होते. काही राज्यांनी तो करमुक्तही केला.

दुसरा होता सुधीर मिश्रांचा ‘अफवाह’. नवाजुद्दीन सिद्दीकी यात परदेशातून परतलेला जाहिरात क्षेत्रातला माणूस आहे. संकटात सापडलेल्या एका मुलीला तो भररस्त्यात मदत करतो. एक चित्रफीत पसरते, तिला ‘लव्ह जिहाद’चे नाव दिले जाते आणि माणुसकी दाखवणारा माणूस रातोरात शिकार बनतो. आकड्याची शहानिशा न करणारा सिनेमा गर्दीत चालला, आणि शहानिशा करा असे सांगणारा मोजक्या पडद्यांवर लागून ओटीटीवर गेला. त्याच महिन्यात आपल्या अकोल्यात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल झाली आणि एकाचा जीव गेला. अफवेची किंमत कोण मोजतो, हे समजायला अकोला पुरेसे आहे.

सिनेमावर बंदी घालावी असे मला वाटत नाही. पश्चिम बंगालने ‘केरला स्टोरी’वर बंदी घातली, न्यायालयाने ती स्थगित केली, मधल्या काळात सिनेमाची जाहिरात मात्र फुकटात झाली. सिनेमाला उत्तर सिनेमाने द्यावे, आणि घरात बोलण्याने.

११ ऑगस्टला पुन्हा जोडी आली. ‘गदर २’ मध्ये १९७१ सालचा पाकिस्तान आणि कान किटवणारा आवाज. सोबतचा ‘ओएमजी २’ मात्र शाळेत शरीरशिक्षण द्यावे की नाही या अवघड विषयावर सभ्यपणे बोलतो. गंमत अशी, की त्याला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले. ज्या वयाच्या मुलांविषयी तो आहे, त्यांनाच थिएटरात प्रवेश नाही! पालकांनी मात्र तो जरूर पाहावा.

सप्टेंबरात ‘जवान’. शाहरुखचे भाषण सगळ्यांच्या लक्षात राहिले : मत मागायला येणाऱ्याला प्रश्न विचारा, मुलांच्या शिक्षणाचे काय, आजारपणाचे काय. मला मात्र त्यातली डॉ. ईरम आठवते. रुग्णालयात ऑक्सिजन नाही, लहान मुले गुदमरत आहेत, ती धावाधाव करते आणि दोष तिच्याच माथी येतो. २०१७ चे गोरखपूर आठवल्यावाचून राहत नाही. एवढ्या धामधुमीच्या सिनेमात एक मुसलमान डॉक्टर मुलगी फक्त आपले कर्तव्य करताना दिसली. आमच्या वर्गातल्या मुलींना मी त्या सिनेमातली तीच गोष्ट सांगितली.

आणि १ डिसेंबरला ‘ॲनिमल’. साडेतीन तासांना थोडाच कमी, प्रौढांसाठीचा, आणि तरी आठवीच्या पोरांना तोंडपाठ. नायक रक्ताच्या चिळकांड्या उडवतो आणि बायकोला धाक दाखवतो. खलनायकाचे नाव अबरार, त्याला तीन बायका, आणि तोही क्रूर. त्याच्या लग्नातल्या गाण्यावर डोक्यावर पेला ठेवून नाचणारी मुले मी शाळेच्या मैदानावर पाहिली. त्यांना नाच दिसला. त्याच लग्नात पुढे काय घडते आणि नाव नेमके अबरार का ठेवले, हे त्यांच्याशी कोण बोलणार?

आता वर्षाची दुसरी बाजू. मला मनापासून आवडलेले बहुतेक सिनेमे साध्या घरांचे होते. केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ पाहायला बायकांच्या झुंडी लोटल्या, त्यांत आम्ही सहकारी शिक्षिकाही होतो, बुरख्यातल्याही. मंगळागौर आपल्याकडे नसते. पण सख्ख्या बहिणींमधला वर्षानुवर्षांचा अबोला कोणत्या घरात नसतो? ‘थ्री ऑफ अस’ मध्ये स्मृती हरवत चाललेली बाई नवऱ्यासोबत बालपणीच्या कोकणात, वेंगुर्ल्याला जाते. एकही आवाज चढत नाही, आणि डोळे भरून येतात. ‘ट्वेल्थ फेल’ तर प्रत्येक शाळेने दाखवावा. परीक्षेत शिक्षकच फळ्यावर उत्तरे लिहून देतात, एक प्रामाणिक पोलीस अधिकारी ते बंद पाडतो, आणि नापास झालेला मुलगा पुढे स्वतः आयपीएस होतो. कॉपी करून पास होण्यापेक्षा नापास होऊन पुन्हा बसणे इज्जतीचे, हे माझ्या शंभर भाषणांनी जमले नसते. दिवाळीत आलेली सुजय डहाके यांची ‘श्यामची आई’ही मुलांना दाखवा. याच साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिले, हेही त्यांना आवर्जून सांगा.

या साध्या घरांच्या सिनेमांत मला एक घर सापडले नाही, ते आपले. मुसलमान पडद्यावर आला तो गुप्तहेर म्हणून, दहशतवादी म्हणून, नाहीतर अफवेचा बळी म्हणून. मुलीच्या फीसाठी पैसे जमवणारे अब्बा, निवृत्तीनंतर काय करावे हे न सुचणारे चाचा, सुनेशी खटकणारी आणि तिच्या आजारपणात रात्रभर जागणारी सासू कुठेच नव्हती. ईरम काही मिनिटांची पाहुणी. शेजाऱ्याला आपले घर आतून दिसले नाही, तर तो पडद्यावरचा अबरारच खरा धरणार.

असा सिनेमा कुणी तरी येऊन बनवेल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. आपली मुले मोबाइलवर उत्तम चित्रीकरण करतात. त्यांना गोष्ट लिहायला शिकवू या, मराठीत आणि उर्दूत. अभियांत्रिकी आणि वैद्यकीयसोबत चित्रपट शिक्षणाचाही अर्ज भरू द्या. पुण्यात त्याची सरकारी संस्था आहे. आणि तोवर ज्या घरांत सिनेमा पाहिला जातो, तिथे तो मुलांसोबत पाहावा आणि संपल्यावर दोनच प्रश्न विचारावेत : यात आपल्यासारखे कोण होते? आणि ते खरेच आपल्यासारखे होते का?