पूर्ण पल्ल्याआधी अर्धा पल्ला

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर, अर्धमॅरेथॉनचे त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे २१.१ किलोमीटर. लंडन आणि बॉस्टन येथील प्रसिद्ध मॅरेथॉन वसंत ऋतूत, एप्रिल महिन्यात होतात. आपल्याकडे तोवर ऊन तापलेले असते. म्हणून मुंबई मॅरेथॉन जानेवारीत भरते. तिची तयारी करणारे अनेक गट पावसाळ्याच्या उत्तरार्धात सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावतात. २०१२ साली सुरू झालेली ही शर्यत यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाते आणि त्याच वाटेने परत येते.

आता या गटांत साठी ओलांडलेली मंडळीही दिसतात. त्यामुळे दवाखान्यात दोन प्रश्न वारंवार येतात. ज्येष्ठ विचारतात, ‘मीही जाऊ का?’ आणि मुले विचारतात, ‘बाबांना जाऊ द्यावे का?’ दोन्ही प्रश्नांचे उत्तर अर्ध्या पल्ल्यात दडलेले आहे.

रंगीत तालीम

पूर्ण शर्यतीपूर्वीची अर्धमॅरेथॉन पदकासाठी नसते. ती रंगीत तालीम असते. बूट कोठे चावतात, पहाटे काय खाल्लेले पचते, पाणी किती लागते, कोणत्या वेगाने दम टिकतो, हे तेथे कळते. स्नायूंमधील साखरेचा साठा साधारणपणे तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो. आरंभी वेग आवरण्याची सवय नसेल, तर तेथे पाय जड होतात.

सोबत्यांचा खरा उपयोग येथेच होतो. बरोबरच्या माणसाशी सलग बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, हा मध्यम श्रमाचा सोपा निकष आहे. वाक्य अर्ध्यावर तुटू लागले की वेग कमी करावा. मात्र सोबत्यांची बरोबरी करण्याच्या भरात हा इशारा दुर्लक्षिला जातो. २०२० च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये एका ज्येष्ठ नागरिकाचा हृदयविकाराने मृत्यू झाला होता. म्हणून उत्साहाला तपासणीची जोड हवी.

ज्येष्ठांचा अर्धा पल्ला

कसालला महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो. येथील बहुतेक ज्येष्ठांना एकवीस किलोमीटर धावायचे नसते. बाजारापर्यंत किंवा देवळापर्यंत चालत जाऊन सुखरूप परतायचे असते. त्यांनाही हाच नियम लागू आहे. पहिले काही दिवस निम्म्या वाटेवरूनच परतावे. जाताना अंगात बळ असते. परतीची वाट थकलेल्या पायांनी चालायची असते. दुसऱ्या दिवशी थकवा उरला नाही, तरच अंतर थोडे वाढवावे. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि तीन दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायाम सुचवते.

औषधे आणि व्यायाम

धावण्याची किंवा वेगाने चालण्याची सुरुवात करण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून घ्यावेत. पुढील चाचण्या डॉक्टर ठरवतील. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमाने एकाएकी उतरू शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या औषधांनी नाडी मंद राहते. त्यामुळे मनगटावरील घड्याळाच्या आकड्यावर विसंबू नये. साखर उतरल्याची धडधडही या औषधांमुळे जाणवत नाही. घाम मात्र येतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना घामामुळे चक्कर येण्याचा धोका अधिक. तथापि कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. गुडघा दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेणे मूत्रपिंडांना घातक ठरू शकते.

कोकणच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. म्हणून सकाळी लवकर निघावे. तहानेनुसार पाणी प्यावे. अतिरेकाने पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटते, तेही धोक्याचे आहे. अंगात ताप असताना धावू नये.

घरच्यांनी काय करावे

‘आता वय झाले’ असे म्हणून घरात बसवू नये. एकट्यालाही धाडू नये. महामार्गाऐवजी शाळेचे मैदान किंवा आतला रस्ता निवडावा, फिकट रंगाचे कपडे घालावेत. नाव, आजार, औषधे आणि घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी. छातीत दडपण, हात वा जबडा दुखणे, दरदरून घाम, चक्कर, नेहमीपेक्षा अधिक धाप, यांपैकी काहीही झाले तर तेथेच थांबून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही आणि वृद्ध व्यक्तींमध्ये छातीत दुखण्यावाचूनही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

अर्ध्या वाटेवर थांबलेल्याला घरी कोणी हिणवू नये. वेळीच थांबलेला माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा चालू शकतो.