रूळ गेले, वाट राहिली



या अंकात खोडव्याचे खत किंवा लागणीचे बेणे हा आमचा नेहमीचा विषय नाही. आपल्या एका सभासदांचे चिरंजीव अमेरिकेत पिट्सबर्गला नोकरीस आहेत. दिवाळीला गावी आले तेव्हा गट ऑफिसात बसून त्यांनी तिकडच्या एका सायकलवाटेची हकीगत सांगितली. आम्ही पडलो शेतकी खात्याची माणसं. पहिला प्रश्न विचारला तो उताराचा आणि दुसरा जमिनीचा. या दोन प्रश्नांच्या मागे लागून जी माहिती जमली ती येथे देत आहोत.

वाटेचं नाव ग्रेट ॲलेगेनी पॅसेज. पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग ते मेरीलँड राज्यातील कंबरलँड, मध्ये सगळा ॲलेगेनी डोंगर आणि दाट रान. लांबी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. मोटार, ट्रक, फटफटी यांना मज्जाव. गावांजवळ कुठं कुठं रस्ता ओलांडावा लागतो तेवढाच. एरवी एका बाजूला ओक-मेपलचं जंगल आणि दुसऱ्या बाजूला नदी. सायकलच्या मागे पिशव्या बांधून लोक निघतात, रात्री गावात मुक्काम करतात आणि चार-पाच दिवसांत वाट पुरी करतात. त्यांत पोरंसोरं असतात तशी साठी ओलांडलेली माणसंही असतात.

आता डोंगर म्हटला की चढ आला. मग साठीचा माणूस सायकल कशी मारतो? तर ही वाट मुळात रेल्वेची. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने १९१२ साली या डोंगरातून कोळसा आणि माल वाहण्यासाठी लाईन टाकली. भरलेली मालगाडी चढाला किती नाजूक असते हे सांगायला नको. उसाची भरली गाडी ओढ्याच्या चढाला लागली की बैलांची काय गत होते ती आपण पाहतोच. म्हणून इंजिनिअरांनी डोंगर फोडला, बोगदे काढले, दऱ्यांवर पूल टाकले, पण उतार वाढू दिला नाही. वाटेचा माथा २,३९२ फुटांवर आहे. कंबरलँडकडून तिथं यायला सुमारे ३८ किलोमीटर चढ आहे, पण शंभर फुटांमागे सरासरी दीड फुटाच्या आतला. पिट्सबर्गकडून आलात तर दोनशे किलोमीटरमध्ये हळूहळू तेवढीच उंची चढायची, म्हणजे शंभर फुटांमागे सरासरी तीन इंच. शेत रेखताना आपण सरीला जेवढा उतार धरतो, जवळपास तेवढाच! सरीत पाणी कुठल्या बाजूला जातंय हे डोळ्याला कळत नाही, तसं तिथं सायकलवाल्याला चढ कळत नाही. फक्त परतीच्या वाटेला सायकल जरा हलकी लागते म्हणे.

माथ्याजवळ बिग सॅव्हेज नावाचा बोगदा आहे, ३,२९४ फूट लांब. आत दिवे लावलेले आहेत. थंडीत आत ठिबकणारं पाणी गोठून बोगद्याची खराबी होते, म्हणून साधारण डिसेंबर ते एप्रिल त्याला दारं लावून बंद ठेवतात. त्याच्या पुढे मायर्सडेल गावाजवळ सॅलिसबरीचा पूल आहे, १,९०८ फुटांचा. पुलावर सायकली आणि खाली दरीत नदी, हमरस्ता आणि दुसरी चालू रेल्वे. ही चालू रेल्वे पाहिली की पहिली का गेली ते उमगतं. एकाच खोऱ्यात दोन कंपन्यांच्या दोन लाईनी झाल्या होत्या. कंपन्या एक झाल्यावर एक लाईन जादा ठरली आणि १९७५ साली ती बंद झाली. आपल्याकडे मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर ही बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी होती, तिचं पुढे ब्रॉडगेज झालं. तिकडे रूळच उखडून नेले.

आणि इथं आमचा दुसरा प्रश्न आला. रूळ गेल्यावर जमीन कुणाची?

हे प्रकरण आपल्या बांधाच्या भांडणाइतकंच चिवट आहे. रेल्वेने काही जमीन विकत घेतली होती, तर काही ठिकाणी फक्त जाण्यायेण्याचा हक्क घेतला होता. असा हक्क संपला की पट्टा मूळ मालकाकडे परत जातो, आणि मधला एक तुकडा गेला की सगळी वाट तुटते. म्हणून १९८३ साली तिकडच्या संसदेने कायदा केला, की रेल्वेला पुढेमागे लागेल म्हणून पट्टा अखंड राखावा आणि तोवर त्याची पायवाट-सायकलवाट करता यावी. शेतकरी कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टाने १९९० साली कायदा ग्राह्य धरला, पण जमीनमालकाला नुकसानभरपाई मागता येते हेही सांगितलं. पुढे २०१४ साली वायोमिंग राज्यातल्या एका जमिनीच्या खटल्यात मात्र त्याच कोर्टाने मालकाच्या बाजूने निकाल दिला. तिथं रेल्वे सोडून गेलेली होती आणि तिचा हक्क नुसता वहिवाटीचा होता. आमच्या मते दोन्ही निकाल रास्त आहेत. वाट हवी म्हणून कुणाची जमीन फुकट घेऊ नये, आणि एकाच्या हट्टापायी सगळ्यांची वाटही अडू नये.

ॲलेगेनीच्या वाटेचा पहिला तुकडा, साडेनऊ मैलांचा, ओहायोपाईल गावाजवळ १९८६ साली खुला झाला. शेवटचा तुकडा पिट्सबर्गजवळ जोडला गेला तो २०१३ साली. सत्तावीस वर्षं! तुकडा तुकडा करून जमीन मिळवली, पूल दुरुस्त केले, चुनखडीची बारीक कच पसरून दाबली. पिंकर्टनचा बोगदा तर त्यानंतर २०१५ साली दुरुस्त झाला, तोवर सायकली वळसा घालून जात. गावोगावच्या मंडळींनी यात फुकट राबून काम केलं, आणि चर काढणं, पडलेली झाडं हलवणं आजही चालूच असतं.

गावांना त्याची गरजही होती. पिट्सबर्गच्या आसपास पोलाद आणि कोळसा हीच रोजी. होमस्टेडचा प्रचंड पोलाद कारखाना १९८६ सालीच बंद पडला, म्हणजे इकडे वाट सुरू झाली आणि तिकडे भट्ट्या विझल्या. कारखाना बंद पडलेल्या गावाचं काय होतं हे सहकारातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सायकलवाटेनं पोलादाची रोजी भरून निघाली असं आम्ही म्हणणार नाही. पण वाटेवरच्या लहान गावांत खाणावळी, मुक्कामाची घरं, सायकल दुरुस्तीची दुकानं निघाली. मायर्सडेलच्या जुन्या स्टेशनात आता प्रवाशांना माहिती मिळते.

कंबरलँडला वाट संपत नाही. तिथून एका जुन्या कालव्याच्या काठाने थेट वॉशिंग्टनपर्यंत १८४.५ मैल जाता येतं. खेचरं काठावरून चालत आणि कोळशाच्या नावा ओढत, तीच ही वाट. कालवा १९२४ साली बंद पडला आणि पुढे त्याच्यावर मोटाररस्ता करायचं घाटत होतं. तेव्हा सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांनी १९५४ साली वर्तमानपत्राच्या संपादकांना आव्हान दिलं, की माझ्याबरोबर ही वाट पायी चाला आणि मग लिहा. स्वतः ते सगळी वाट चालले. रस्ता बारगळला आणि १९७१ साली कालव्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. काठाला मुक्कामाच्या जागा आहेत, तिथं हातपंप आहेत. पाऊस झाला की मात्र चिखल, अगदी आपल्या पाणंदीसारखा.

पाणंदीवरून सांगायचं म्हणजे, गळीत हंगामात आपल्या कार्यक्षेत्रातली शाळेची पोरं ट्रॅक्टरच्या डबल ट्रेलरांच्या शेजारून सायकली हाकतात. बऱ्याच गावांत शाळेकडे जाणारी पाणंद नकाशावर आहे, पण दोन्ही बाजूंनी ऊस सरकत सरकत तिची सरीएवढी झाली आहे. गावनकाशावर दोन तुटक रेषा दिसल्या तर ती गाडीवाट, एकच असेल तर पायवाट. पाणंद मोकळी करण्याबाबत ज्या गावचे सभासद एकत्र येऊन ठरवतील, त्यांनी गट ऑफिसला कळवावे. नकाशा घेऊन आमचा शेतकी मदतनीस बांधावर येईल. तोड संपल्यावर, नवी लागण होण्यापूर्वी कळवल्यास बरं.