भूपट्टाच्या मधोमध

भारतीय भूपट्टाच्या कडा महाराष्ट्रापासून दूर आहेत. नैऋत्येला, अरबी समुद्राखालच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेपाशी दोन पट्ट एकमेकांपासून दूर सरतात, खालून शिलारस वर येतो आणि समुद्राचा नवा तळ तयार होतो. वायव्येला बलुचिस्तान-अफगाणिस्तानातला चमन प्रस्तरभंग. तिथे पट्ट एकमेकांना घासत जातात. पूर्वेला अंदमान-सुमात्रापाशी आपला पट्ट दुसऱ्याखाली बुडतो. २६ डिसेंबर २००४ रोजी ही कड सुमारे १३०० किलोमीटर लांबीत सरकली आणि त्सुनामी तमिळनाडूपर्यंत आली. उत्तरेला हिमालय. आपला पट्ट वर्षाला ४-५ सेंटिमीटर वेगाने आशियावर रेटला जातो.

नकाशात भूकंपाचे ठिपके या कडांवरच दाटलेले दिसतात. दख्खन त्यात कोरं, म्हणून ते ‘स्थिर’ समजलं गेलं. पण हिमालयाशी अडलेला तो रेटा कडेवरच संपत नाही. पट्टाच्या पोटात कोट्यवधी वर्षं जुन्या भेगा आहेत, आणि ताण तिथेही साचतो. आपल्याकडे त्या भेगा शोधणंही अवघड, कारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने मूळ खडक झाकून टाकला आहे.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर ६.३ महत्तेच्या भूकंपाने हादरलं. तिथल्या कोयना धरणात पाणी साठू लागलं १९६२ साली, आणि त्यानंतर तिथे धक्के जाणवू लागले होते. पाण्याचा भार आणि भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब, दोन्ही मिळून आधीच ताणलेला खडक सुटतो. मूळ ताण धरणाने निर्माण केला नाही, त्याला वाट दिली. जलाशय पावसाळ्यात भरतो, पुढे उतरतो, आणि धक्क्यांची संख्याही त्यासोबत हलते. हे खडकात जाऊन मोजण्यासाठी गोठणे गावी ३ किलोमीटर खोल विंधण घेतलं गेलं. सव्वा किलोमीटर काळा पत्थर ओलांडल्यावर ग्रॅनाइट लागला.

मराठवाड्यातल्या किल्लारीत तर एवढं मोठं धरणही नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं झोपेत. भूकंपाची महत्ता ६.२. हिमालयात असे भूकंप पुष्कळ होतात. इथे केंद्र उथळ होतं आणि घरं दगडमातीची, वर माळवदाचा जड थर. वेगवेगळ्या नोंदींनुसार ८ ते १० हजार माणसं गेली, बहुतेक आपल्याच भिंतींखाली.

त्या वेळच्या भूकंप-नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. २००२ साली तो विभागच रद्द झाला. नकाशा सुधारला, हे योग्यच झालं. पण माझ्या मते खरी निकड घरांची आहे. माळवदावरची माती कमी करणं, भिंतीच्या दोन्ही बाजू बांधणारे आरपार दगड घालणं, दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा ओतणं, ही कामं गावच्या गवंड्याला शिकवता येतात. मराठवाड्यातल्या जुन्या घरांसाठी हा खर्च सरकारने उचलायला हवा, आणि तो पुढच्या धक्क्याआधी.