जुन्या वस्त्राची नवी भेट

तंजावूरचा राजवाडा नायक राजांच्या काळात उभा राहिला आणि पुढे मराठा राजांनी त्यात भर घातली. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात येथे सुरू केलेली भोसल्यांची राजवट १८५५ पर्यंत टिकली. राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालय दुसरे सरफोजी राजे (१७९८–१८३२) यांच्या काळात विशेष भरभराटीला आले. तेथे हजारो पोथ्या आहेत आणि मोडी कागदपत्रांचे गठ्ठेही आहेत. जुन्या काळी असे कागद चौकोनी कापडात बांधून ठेवण्याची पद्धत होती. त्या कापडाला ‘रुमाल’ म्हणत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदही रुमालांनीच मोजले जातात. साधे कापडही किती मोलाच्या गोष्टी जपते, हे यावरून ध्यानात येते.

आपल्या घरातील जुने कपडे मात्र आपण ‘फाटले’ म्हणून टाकून देतो. वस्तुतः कोणतेही वस्त्र सर्व बाजूंनी सारखे झिजत नाही. साडी नेसताना जेथे खोचली जाते आणि बसताना जेथे ताण येतो, तेथे ती विरते. पदर बहुधा धड राहतो. सदऱ्याची कॉलर आणि कोपर झिजतात, पाठ शाबूत असते. कापड उजेडासमोर धरले की विरलेला भाग लगेच ओळखू येतो. धड भाग वेगळा काढला, की हाताशी सुई, दोरा आणि कात्री एवढीच सामग्री पुरते.

पहिली भेट पोथीच्या रुमालाची. धड भागातून साठ सेंटिमीटरचा चौकोन कापावा. चारही कडा दोनदा आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवाव्यात, म्हणजे दोरे सुटत नाहीत. एका कोपऱ्यावर साडीच्या काठाची मीटरभर लांबीची पट्टी नाडीसारखी पक्की शिवावी. पुस्तक मधोमध तिरपे ठेवून तीन कोपरे त्यावर दुमडावेत आणि चौथा कोपरा वर आणून नाडी गुंडाळावी. वाचनाची आवड असलेल्या व्यक्तीला ही भेट आवडेल.

दुसरी भेट तोरणाची. तंजावूरच्या परिसरात मंदिरांच्या रथांवर कापडाच्या रंगीत नळकांड्या लोंबत असतात. त्यांना तमिळमध्ये ‘तोंबै’ म्हणतात. रंगीत कापडाचे आकार कापून ते दुसऱ्या कापडावर शिवायचे, ही त्यांची रीत. दारावरच्या तोरणासाठी हीच रीत वापरता येते. पाने, फुले किंवा पोपट कापताना कडेला अर्धा सेंटिमीटर कापड जास्त ठेवावे. ते आत दुमडून जवळजवळ टाके घालावेत. ही कड दुमडली नाही, तर पहिल्याच धुण्यात आकार उसवू लागतो.

तिसरी भेट बाळाच्या दुपट्याची. महाराष्ट्रात जुन्या लुगड्यांच्या व धोतरांच्या गोधड्या शिवतात. बंगालमधील कांथा आणि बिहारमधील सुजनी याही जुन्या कापडातूनच जन्मल्या. बाळंतविड्यात कुंची आणि अंगडे-टोपडे यांच्याबरोबर दुपटेही असते. नव्या कापडात खळ असते. अनेकदा धुतलेले सुती कापड मऊ होते. तान्ह्या बाळाच्या त्वचेला तेच सुखावह वाटते. दुपट्यासाठी कापडाचे तीन थर घ्यावेत. थोडे विरलेले कापड मधल्या थरात चालते. प्रथम मध्यापासून कडेकडे लांब लांब कच्चे टाके घालावेत, म्हणजे सुरकुत्या बाहेर सरकतात. मग कडेपासून सुरू करून दोन-दोन बोटांच्या अंतराने चौकोनामागे चौकोन असा धावदोरा घालत मध्यापर्यंत यावे. शेवटी कच्चे टाके काढून टाकावेत. दोऱ्याच्या गाठी थरांच्या आत दडवाव्यात. दुपट्याला गुंड्या, मणी किंवा जर लावू नये. ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड घासून रंग जातो का, हेही आधी पाहावे. तयार दुपटे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे.

कात्री लावण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, वस्त्राचे मोल. तंजावूरच्या मराठा राजघराण्यासाठी करुप्पूर येथे जरीचे विणकाम आणि मेणाचा वापर करून केलेले रंगकाम यांच्या मिलाफातून साड्या तयार होत. राजाश्रय संपल्यावर ही कला मागे पडली. आता तिचे नमुने संग्रहालयांत पाहावे लागतात. म्हणून फार जुने हातमागाचे वस्त्र जाणकाराला दाखविल्याशिवाय कापू नये. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. दिवंगत आजीची साडी एकाला दुपट्यात यावी असे वाटते, तर दुसऱ्याला ती घडी न मोडता जपावीशी वाटते. कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. त्यामुळे घरातील सर्वांना आधी विचारावे आणि एकानेही नको म्हटले तर ते वस्त्र तसेच ठेवावे.

‘जुने कापड भेट म्हणून कसे द्यावे?’ असा संकोच अनेकांना वाटतो. नको झालेले कापड तसेच दुसऱ्याच्या हाती देणे निराळे आणि त्यातील धड भाग निवडून, धुऊन, चार दिवस बसून शिवलेली वस्तू देणे निराळे. पहिल्यात आपण आपली अडगळ कमी करतो. दुसऱ्यात आपण आपला वेळ देतो. तंजावूरच्या मराठी कुटुंबांनी तमिळ शब्दांची जोड देत आपली बोली पिढ्यान्‌पिढ्या घरात वापरात ठेवली आणि म्हणूनच ती टिकली. वस्त्राचेही तसेच आहे. पेटीत बंद ठेवलेल्या साडीला कसर लागू शकते. दुपटे झालेली साडी मात्र बाळाच्या अंगाखाली रोज अंथरली जाते. तुमच्या घरातील एखादे जुने वस्त्र आज उजेडासमोर धरून पाहा. त्यातील कोणता भाग धड आहे आणि तो कोणासाठी शिवावा, हे तुम्हीच ठरवा.